स्पार्टा की थीब्स? ग्रीक युद्धकलेतलं आधी काय हाती घ्यावं

प्राचीन ग्रीक युद्धकलेवर निबंध लिहायचाय किंवा व्याख्यान द्यायचंय आणि सवड एकाच नगरराज्यापुरती आहे, अशा वेळी बहुतेक जण डोळे झाकून स्पार्टा निवडतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: सैनिक कसा घडवला जायचा हे बघायचं असेल तर स्पार्टा, लढाईचा डाव कसा मांडला जायचा हे बघायचं असेल तर थीब्स.

स्पार्टात मुलगा सातव्या वर्षी घराबाहेर पडायचा. अनवाणी राहायचं, वर्षभर एकच वस्त्र, आणि अंथरुणाला युरोटास नदीकाठचे बोरू, तेही सुरी न वापरता हातानं मोडून आणायचे. जेवण मुद्दाम अपुरं. चोरून खाल्लं तर चालायचं. फटके पडायचे ते सापडल्याबद्दल. विशीत सामूहिक भोजनगटात प्रवेश, तिशीपर्यंत मुक्काम बराकीत, लष्करी जबाबदारी साठीपर्यंत. हे परवडायचं कारण शेतात राबायला हेलट होते, पिढ्यानपिढ्या दास्यात ठेवलेले. त्यांना वगळून स्पार्टाच्या शिस्तीचे गोडवे गाऊ नका.

उपासमारीच्या गोष्टी लोकांच्या लक्षात राहतात, पण रणांगणावर कामी यायची ती कवायत. त्यासाठी इ.स.पू. 418 ची मँटिनियाची लढाई बघा. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो, राजाचा हुकूम एकेका अधिकाऱ्यामार्फत उतरत थेट छोट्या तुकडीच्या नायकापर्यंत पोचायचा. पावलं एका लयीत पडावीत म्हणून बासरीवाले सोबत असायचे. प्रत्येक जण उजवीकडच्या शेजाऱ्याच्या ढालीचा आडोसा शोधायचा, त्यामुळे सैनिकांची कुठलीही फळी उजवीकडे सरकायचीच. हे सावरायला राजा एगिसनं डावी बाजू आणखी डावीकडे नेली आणि पडलेली फट बुजवायला उजवीकडच्या दोन अधिकाऱ्यांना हुकूम सोडला. त्यांनी ऐकलंच नाही! शत्रू त्या फटीत घुसला. तरीही लढाई स्पार्टानं जिंकली. डाव फसला होता, कवायतीनं तारलं.

थीब्सचं उलटं. नगराच्या खर्चानं पोसलेली 300 जणांची ‘पवित्र तुकडी’ सोडली, तर बाकीचे साधे नागरिक. कुस्तीत मात्र तरबेज. इ.स.पू. 371 मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत थीब्सचा सेनापती एपामिनोन्डास यानं आपली मुख्य ताकद डाव्या बाजूला, स्पार्टाचा राजा क्लिओम्ब्रोटस याच्यासमोर लावली. थीब्सच्या फळीची खोली, म्हणजे एकामागे एक उभ्या रांगा, 50 माणसांची, स्पार्टाची जेमतेम 12. खोल फळी थीब्सला नवी नव्हती, इ.स.पू. 424 मध्ये डेलियमच्या लढाईत ते 25 खोल उभे होते, पण उजव्या बाजूला. ल्युक्ट्राला त्यांनी घाव घातला तो शत्रूच्या सगळ्यात भक्कम जागेवर. राजा पडला आणि स्पार्टाच्या तिथं लढणाऱ्या 700 पूर्ण नागरिकांपैकी 400 मेले.

हे 400 भरून येणारे नव्हते. भोजनगटाची वर्गणी थकली की नागरिकत्व जायचं, त्यामुळे नागरिकांचा आकडा आधीच घटत आला होता. इतकी वर्षं घालवून घडवलेला सैनिक मेला की त्याच्या जागी दुसरा आणायचा कुठून? माझ्या लेखी स्पार्टाच्या पद्धतीतली सगळ्यात मोठी खोट हीच.

माहितीच्या साधनांचाही विचार करा. स्पार्टावर मजकूर भरपूर, पण तो बहुतेक बाहेरच्यांचा: झेनोफन हा स्पार्टावर भाळलेला अथेन्सकर, प्लुटार्क तर कित्येक शतकांनंतरचा. थीब्सच्या रोजच्या सरावाबद्दल फारसं हाती लागत नाही. त्यात झेनोफननं ल्युक्ट्राचं वर्णन करताना एपामिनोन्डासचं नावसुद्धा घेतलेलं नाही.

शाळेतल्या मुलांसमोर बोलायचं असेल तर स्पार्टाच घ्या, फक्त पर्शियनांविरुद्ध थर्मोपिलीला लढलेल्या 300 स्पार्टन सैनिकांवर अडकू नका. त्यांच्यासोबत इतर काही हजार ग्रीक होते आणि थेस्पियाचे 700 शेवटपर्यंत थांबले होते. मँटिनियात सांगण्यासारखं जास्त आहे. नकाशे, डावपेच यांत रस असेल तर थीब्स घ्या. एका ल्युक्ट्रावर तासभर सहज बोलता येतं, आणि अलेक्झांडरचा बाप, मॅसिडोनियाचा फिलिप, तरुणपणी थीब्समध्येच ओलीस होता, त्यामुळे पुढचा धागा आपोआप अलेक्झांडरपर्यंत जातो.