हापूसच्या वेबसाइटसाठी सर्व्हर: दुकानातला, ठरावीक भाड्याचा की तासावारी क्लाउडचा?

देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदाराची वेबसाइट म्हणजे चार महिने धावपळ आणि आठ महिने सामसूम. फेब्रुवारीअखेर पहिल्या पेट्या निघतात, गुढीपाडव्यापासून ऑर्डरी वाढतात, अक्षय्य तृतीयेला कळस होतो आणि मिरग लागेपर्यंत सगळं आटोपतं. अशा धंद्याला हमखास सल्ला मिळतो, 'क्लाउडवर जा, वापराल तेवढंच भरा.' ऐकायला ते चपखल वाटतं. कागदावर हिशेब मांडला की लहान साइटचं उत्तर मात्र वेगळं निघतं.

सर्व्हर म्हणजे साइट ज्यावर चालते ते यंत्र, आणि त्यासाठी समोर तीन वाटा आहेत. दुकानात किंवा घरी स्वतःचं यंत्र ठेवायचं. दरमहा ठरावीक भाड्याचा लहान सर्व्हर घ्यायचा, उदाहरणार्थ अ‍ॅमेझॉनचा लाइटसेल किंवा डिजिटलओशनचा ड्रॉपलेट. नाहीतर अ‍ॅमेझॉनच्या ईसी२सारखा तासावारी क्लाउड घ्यायचा, जिथे यंत्र, डिस्क, आयपी पत्ता (इंटरनेटवरचा यंत्राचा क्रमांक) आणि बाहेर जाणारा डेटा या प्रत्येकाचं वेगळं मीटर चालतं. खालचे दर अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या डेटा केंद्राचे आहेत आणि डॉलर ९० रुपये धरला आहे. दर बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी कंपनीच्या पानावर एकदा ताडून पाहा.

दुकानातलं यंत्र

जुना डेस्कटॉप साधारण ६० वॉट खातो. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे ४३ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर महिन्याला ५२० रुपयांच्या आसपास. सर्व्हरचं भाडं शून्य, म्हणून मोह होतो.

पण कोकणात यंत्राचे शत्रू जास्त आहेत. खारी दमट हवा रॅमच्या पट्ट्या आणि कनेक्टरांवर गंज धरते, पंखा अडकतो, पॉवर सप्लाय आधी जातो. शिवाय बहुतेक घरगुती फायबर जोडण्यांवर एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामुळे बाहेरून तुमच्या यंत्रापर्यंत पोचता येत नाही, स्थिर आयपीचे वेगळे पैसे मोजावे लागतात. सर्वांत वाईट गोष्ट लाईट गेल्यावर घडते. ग्राहक यूपीआयने पैसे भरतो, पेमेंट गेटवे (पैसे गोळा करणारी मधली सेवा) तुमच्या सर्व्हरला 'पैसे मिळाले' असा निरोप पाठवतो, आणि तो निरोप घ्यायला सर्व्हर जागा नसतो. पैसे कापले गेले, ऑर्डर नोंदली नाही, आणि ठाण्याच्या ग्राहकाचे फोन सुरू. गेटवे काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, पण ते प्रयत्न संपेपर्यंत लाईट यायला हवी ना. मे २०२१ च्या तौक्ते वादळात ऐन सीझनला किनारपट्टीच्या कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. सर्व्हर आणि त्याचा बॅकअप एकाच खोलीत असला तर दोन्ही एकदमच जातात.

हिशेबाचं सॉफ्टवेअर, बागेची नोंदवही, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग अशा आतल्या कामांना दुकानातलं यंत्र उत्तम आहे. पैसे घेणारी साइट त्यावर ठेवू नका.

खरी लढत: ठरावीक भाडं की तासावारी

दोन्हीकडे २ जीबी रॅमचं यंत्र घेऊ, ईसी२मध्ये त्याला टी३.स्मॉल म्हणतात. वर्डप्रेस-वूकॉमर्स या तयार सॉफ्टवेअरवर ऑर्डरी घेणाऱ्या साइटला एवढं पुरतं. १ जीबीवर सीझनमध्ये रॅम संपून डेटाबेस मधेच बंद पडतो, म्हणून त्याखाली जाऊ नये.

| बाब | ईसी२ टी३.स्मॉल | लाइटसेल, १२ डॉलरचा |
|---|---|---|
| यंत्र, ७३० तास | १६.३५ डॉलर | भाड्यात |
| डिस्क | ३० जीबी, जीपी३ प्रकारची, २.७४ डॉलर | ६० जीबी, भाड्यात |
| सार्वजनिक आयपी पत्ता (आयपीव्ही४) | ३.६५ डॉलर | भाड्यात |
| बाहेर जाणारा डेटा | १०० जीबी मोफत, पुढे जीबीला ०.१०९३ डॉलर | मुंबईत १.५ टीबीपर्यंत भाड्यात |
| महिन्याची बेरीज | २२.७४ डॉलर | १२ डॉलर |

रुपयांत २,०४७ विरुद्ध १,०८०, वर १८ टक्के जीएसटी. 'पण आम्ही आठ महिने बंद ठेवू' असं कुणी म्हणेल, तर तेही मोजून पाहू. ईसी२चं यंत्र थांबवलं की फक्त यंत्राचं मीटर थांबतं. डिस्क आणि राखून ठेवलेला आयपी पत्ता चालूच राहतात, म्हणजे महिन्याला ६.३९ डॉलर. चार महिने चालू आणि आठ महिने बंद मिळून वर्षाचे १४२ डॉलर होतात. लाइटसेल बारा महिने अखंड चालू ठेवला तर १४४. दोन डॉलर वाचवायला आठ महिने साइट अंधारात ठेवायची, गुगलच्या शोधात मागे पडायचं आणि फेब्रुवारीत पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची!

याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. लाइटसेल किंवा ड्रॉपलेट नुसता बंद केला तरी भाडं चालूच राहतं. ते थांबवायचं तर आधी स्नॅपशॉट, म्हणजे यंत्राची त्या क्षणाची पूर्ण प्रत, काढायचा आणि मग यंत्र पुसून टाकायचं. लाइटसेलच्या स्नॅपशॉटला जीबीमागे महिन्याला ०.०५ डॉलर पडतात. त्या स्नॅपशॉटवरून तेवढाच किंवा मोठा प्लॅन घेता येतो, लहान घेता येत नाही. म्हणून सुरुवातीला नेमका प्लॅन घ्या, वाढवणं नंतर सोपं आहे.

डिजिटलओशनचं भारतातलं केंद्र बंगळुरूला आहे. तिथेही २ जीबीचा साधा ड्रॉपलेट १२ डॉलरलाच मिळतो. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. फरक पडतो तो पैसे भरताना. बिल डॉलरमध्ये येतं, बँक रूपांतराचा आकार लावते, आणि कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केलेला नसेल तर पैसे जातच नाहीत. नवीन कार्डावर ही सोय मुळात बंद असते. अ‍ॅमेझॉनच्या भारतीय कंपनीकडून बिल रुपयांत मिळतं.

जीएसटीबद्दल आंबेवाल्यांची एक गल्लत होते. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, म्हणून फक्त ताजी फळं विकणाऱ्याला सर्व्हरवर भरलेला १८ टक्के कर परत वळता करून घेता येत नाही. तो सरळ खर्चात धरा. पल्प, आंबापोळी, कोकम सरबत असा कर लागणारा मालही विकत असाल, तर त्या प्रमाणात क्रेडिट मिळतं, पण खात्यात जीएसटी क्रमांक आधीच नोंदलेला हवा.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

तासावारी क्लाउडचं बिल यंत्रामुळे क्वचितच फुगतं. फुगतं ते भोवतीच्या गोष्टींनी.

सगळ्यात आधी फोटो. मोबाइलवर काढलेला पेटीचा फोटो ३ एमबीचा असतो. मुखपृष्ठावर असे १२ टाकले की एका भेटीला ३६ एमबी. सीझनच्या महिन्यात २०,००० भेटी म्हणजे ७२० जीबी. मोफतचे १०० वजा केले की ६२० जीबींचे ६७.७७ डॉलर, म्हणजे ६,१०० रुपये, तेही फक्त फोटो दाखवण्याचे. तेच फोटो १,२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या स्वरूपात ठेवले तर एकेक १२० केबीच्या आसपास येतो. भेटीला १.४४ एमबी, महिन्याला २९ जीबी, बिल शून्य. आंब्याची साल आणि देठ तेवढेच स्वच्छ दिसतात, शिवाय गावाकडच्या कमकुवत नेटवर्कवरही पान चटकन उघडतं. हे काम तासाभराचं आहे. पुढे क्लाउडफ्रंट किंवा क्लाउडफ्लेअरसारखं मधलं साठवण, म्हणजे फोटोंच्या प्रती ग्राहकाजवळच्या केंद्रातून देणारी सेवा, ठेवलं तर उरलेला भारही तिकडे जातो. क्लाउडफ्रंटला दरमहा १ टीबी मोफत मिळतं.

दुसरा मसाला मोठ्या शहरातल्या डेव्हलपरच्या सवयीतून येतो. बँकेच्या प्रकल्पात वापरलेली रचना तो तुमच्या आंब्याच्या साइटलाही लावतो. अनेक यंत्रांत भार वाटणारा लोड बॅलन्सर, आतल्या यंत्रांना बाहेर जायला वाट देणारा नॅट गेटवे, डेटाबेससाठी आरडीएस ही वेगळी सेवा. लोड बॅलन्सर महिन्याला सुमारे १७ डॉलरपासून सुरू होतो आणि नॅट गेटवे ४० डॉलरच्या आसपास, वर त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे पैसे निराळे. १६ डॉलरच्या यंत्राला ५७ डॉलरची राखण! एकाच यंत्राच्या साइटला या दोन्हींची गरज नाही. डेटाबेस त्याच यंत्रावर चालतो. आरडीएस घेतलीच असेल तर ऑफ-सीझनला नुसती थांबवून निर्धास्त होऊ नका, सात दिवसांनी ती आपोआप पुन्हा सुरू होते.

तिसरा मसाला कुणाच्या लक्षातच येत नाही. टी३ जातीचं यंत्र सतत पूर्ण जोर लावण्यासाठी नसतं. टी३.स्मॉलला दोन सीपीयू आहेत, पण प्रत्येकी फक्त २० टक्के वापर भाड्यात धरलेला असतो. त्याखाली राहिलात तर वापराचं क्रेडिट साठतं, वर गेलात तर खर्च होतं. क्रेडिट संपल्यावर टी३ मंदावत नाही, कारण 'अनलिमिटेड' ही सोय सुरुवातीपासून चालू असते, आणि जादा वापराला सीपीयू-तासामागे ०.०५ डॉलर पडतात. एखादा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) तुमच्या लॉगिन पानावर रात्रंदिवस पासवर्ड ठोकत राहिला, तर दोन्ही सीपीयू पूर्ण भरतात आणि जादा वापर तासाला १.६ सीपीयू-तास, म्हणजे ०.०८ डॉलर. यंत्राचं मूळ भाडं तासाला ०.०२२४ आहे, हा जादा आकार त्याच्या साडेतीन पट. लाइटसेलवर अशा वेळी बिल वाढत नाही, साइट रखडते. धंद्याला कुठलं परवडतं ते तुम्ही ठरवा. आमच्या मते लहान बागायतदाराने साइट रखडणं पत्करावं, कारण ते त्याच दिवशी दिसतं. बिल महिनाअखेर दिसतं. ईसी२च घ्यायचं असेल तर क्रेडिटची सोय 'स्टँडर्ड'वर आणा आणि लॉगिन पानाला प्रयत्नांची मर्यादा घाला.

सवलती, आणि कोणाला त्या लागू नाहीत

अ‍ॅमेझॉनचा सेव्हिंग्ज प्लॅन म्हणजे सवलतीच्या बदल्यात एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी. यंत्र बंद असलं तरी कबूल केलेली रक्कम दर तासाला भरावीच लागते. सवलत ३० टक्के धरली, तर वर्षातले ७० टक्के तास, म्हणजे साधारण साडेआठ महिने यंत्र चालवलं तरच ती फायद्याची. चार महिन्यांच्या सीझनला ती तोट्याची, बारमाही होमस्टे-बुकिंगला मात्र विचारात घेण्याजोगी. स्पॉट यंत्रं, म्हणजे कंपनीकडे रिकामी पडलेली यंत्रं, आणखी स्वस्त असतात, पण दोन मिनिटांची सूचना देऊन काढून घेतात, तेव्हा ऑर्डरी घेण्यासाठी बाद.

अ‍ॅमेझॉनच्या मोफत खात्याचे जुने व्हिडिओ बारा महिने सांगतात. १५ जुलै २०२५ पासून अ‍ॅमेझॉनच्या नव्या खात्याला १०० डॉलरचं क्रेडिट आणि काही कामं पूर्ण केल्यावर आणखी १०० पर्यंत मिळतं. मोफत योजना सहा महिन्यांत किंवा क्रेडिट संपताच बंद होते. नोव्हेंबरात उघडलेलं खातं बरोबर मे महिन्यात, पेट्या वाटेत असताना मुदत संपवतं. सशुल्क योजनेत ते आधीच बदलून घ्या, उरलेलं क्रेडिट तिथेही वापरता येतं.

मग निवड कशी करायची

रोजच्या दोन-चारशे ऑर्डरींपर्यंत २ जीबीचा ठरावीक भाड्याचा सर्व्हर घ्या. कुरिअरची लेबलं, साठ्याचं व्यवस्थापन आणि मोबाइल अ‍ॅप असं बरंच काही एकत्र जोडायचं असेल, आणि ते सांभाळणारा माणूस बारमाही हाताशी असेल, तरच ईसी२कडे वळा. तेव्हा डिस्क जुन्या जीपी२ऐवजी जीपी३ घ्या, ती जीबीमागे २० टक्के स्वस्त पडते. लॉग (यंत्राच्या कामाच्या नोंदी) किती दिवस ठेवायचे ते क्लाउडवॉच या अ‍ॅमेझॉनच्या देखरेख-सेवेत ठरवून द्या, नाहीतर ते कायमचे साठत राहतात.

दोन्ही वाटांवर काही कामं पहिल्याच दिवशी करायची. मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावा आणि त्याच्या अ‍ॅक्सेस की (प्रोग्रॅमला खात्यात शिरू देणाऱ्या किल्ल्या) बनवूच नका. चोरीला गेलेली की घेऊन कुणीही तुमच्या नावावर महागडी यंत्रं दूरच्या देशात उभी करतो, आणि मुंबईचंच पान पाहत राहिलात तर ती दिसतही नाहीत. बजेटची सूचना ५० आणि ८० टक्क्यांवर लावा. बजेट नुसतं कळवतं, खर्च थांबवत नाही, आणि आकडे काही तास उशिरा येतात. डेटाबेसची रोजची प्रत एस३ या अ‍ॅमेझॉनच्या फाइल-साठवणीत ठेवा. ५ जीबीला महिन्याला बारा-तेरा सेंट, म्हणजे १२ रुपयांच्या आत. त्या प्रतीवरून साइट खरोखर उभी राहते का, हे जानेवारीत एकदा करून पाहा, एप्रिलमध्ये तेवढा वेळ मिळत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शेवटची पेटी गेल्यावर, बिलाचं पान प्रत्येक केंद्रानुसार उघडा. कुठल्याही यंत्राला न जोडलेल्या डिस्क, मोकळे पडलेले आयपी पत्ते आणि सीझनमध्ये घाईत काढलेले स्नॅपशॉट शोधा. शेवटचे दोन स्नॅपशॉट ठेवा, बाकीचे त्याच बसल्या बैठकीत पुसा.