८×४२ दुर्बीण: सात महिने, चार जणांचे डोळे

डिसेंबरात घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार १०×५० गळ्यात मारायला बघत होता. "मोठं दिसतं, सर." दिसतं ना, पण हाताची थरथरही दहापट दिसते. ८×४२ घेतली. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये; ४२ला ८ने भागलं की सव्वापाच. डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत एवढ्या मिलिमीटरचा, आणि दाट सावलीत हाच आकडा कामाला येतो.

फेब्रुवारीत भिगवणला रोहित बघितले, पण उघड्या पाण्यावर कुठलीही दुर्बीण शहाणी ठरते. खरी परीक्षा मेअखेरीस पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये झाली. आदल्या दिवशी वळीव पडून गेलेला, तांबटाची टुकटुक चालू, कुठेतरी पावशा 'पेर्ते व्हा' म्हणतोय. आई, बायको, नऊ वर्षांची लेक आणि मी.

एका जुन्या झाडाच्या ढोलीपाशी राखी धनेशाचा नर येऊन बसला. मादी अजून आतच. ती ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि चोच निघेल एवढीच फट ठेवते. नराने मान झटकून घशातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकात धरलं, फटीत दिलं. मग दुसरं. फटीतून चोचीचं टोक यायचं आणि उंबर घेऊन आत जायचं. लांब उभं राहूनही ते लख्ख दिसत होतं.

म्हणजे मला दिसत होतं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दोन डोळ्यांचे नंबर वेगळे. तिच्यासाठी उजव्या डोळ्याची कडी फिरवली, चष्म्यासाठी रबरी वाट्या आत दाबल्या, तोवर नर उडाला. "गेला? मला आपलं पानच दिसलं." अर्ध्या तासाने तो परत आला म्हणून बरं. घरी आल्यावर कडीवर नेलपॉलिशचे ठिपके दिले: लाल आईचा, पांढरा माझा. बायकोला माझाच चालतो.

लेकीची अडचण मात्र सुटली नाही. दुर्बीण पूर्ण मिटली तरी दोन नळ्यांमधलं अंतर तिच्या डोळ्यांना जास्तच पडतं. तिने एका डोळ्याने बघून अकरा उंबरं मोजली. मुलांसाठी घेणार असाल तर आधी त्यांच्या डोळ्यांना लावून बघा.

बाकी तक्रारी: ती कडी इतकी सैल की पिशवीतही फिरते. पांढऱ्या आभाळासमोरच्या फांद्यांना जांभळी कड दिसते. पुढचं एक झाकण मार्चमध्येच हरवलं, सुटं मिळेल का म्हणून कंपनीला दोनदा विचारलं, उत्तर नाही. पट्टा मानेला काचतो, तो मी बदलला. सध्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी नको म्हणून ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात असते. डबा चकलीचा होता, त्यावरून घरात अजून कुरबुर आहे.

लेकीसाठी आता दुहेरी बिजागरीची, म्हणजे नळ्या आणखी जवळ येतील अशी, ८×२५ बघतोय. कुणाच्या मुलांना नीट बसली असेल तर सांगा.