डेटा प्रोसेसिंगचं पुस्तक: सुरुवात मस्त, मागची उत्तरं बघू नका

पोरीसाठी घेतलं होतं, नववीत आहे ती, पण दोन रात्री मीच वाचत बसलो. डेटा आणि माहिती यातला फरक नुसती व्याख्या देऊन उरकलेला नाहीये. पाच मुलांचे मार्क दिलेत, ४०, ३५, ४५, ४० आणि पाचवा गैरहजर, आता स्प्रेडशीटमध्ये त्याच्या जागी ० टाकलं तर सरासरी ३२ येते आणि रकाना रिकामा सोडला तर ४०, म्हणजे कॉम्प्युटर दोन्ही वेळा बरोबरच, आपण काय भरलं त्यावर सगळं. पोरगी म्हणाली, "बाबा, मग चूक कोणाची?" तिथेच पैसे वसूल.

बॅच प्रोसेसिंग, म्हणजे साठलेली कामं एकदम उरकणं, ते पण छान, महिन्याचे पगार एकदम काढणं वेगळं आणि तिकीट बुक करताना सीट तिथल्या तिथे अडवणं वेगळं, लगेच कळतं.

हार्डवेअरचा धडा मात्र बोअर आहे. १.४४ एमबीच्या जुन्यापुराण्या फ्लॉपी डिस्कवर अख्खं पान आणि आजच्या कॉम्प्युटरमध्ये डेटा साठवणाऱ्या एसएसडीवर दोन ओळी, काय बोलणार! आणि बायनरीच्या (फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहायची पद्धत) उत्तरांत ११०१ म्हणजे ११ छापलंय, अहो डावीकडून जागांची किंमत ८, ४, २, १, म्हणजे ८ अधिक ४ अधिक १, तेरा होतात ना! पोरगी अर्धा तास स्वतःचीच चूक शोधत होती बिचारी, शेवटी मी बोटांवर मोजून दाखवलं.

पाचपैकी साडेतीन स्टार. घ्या, पण उत्तरांची पानं स्टेपल करून टाका.