जावा, बुलेट की बीएसए : लांबच्या रॅलीसाठी जुनी मोटारसायकल उभी करण्याचा खर्च

शहरातल्या मिरवणुकीसाठी सजवलेली जुनी मोटारसायकल आणि पुण्याहून कोल्हापूर-आंबोलीमार्गे गोव्यापर्यंत सुमारे साडेचारशे किलोमीटर स्वतःच्या चाकांवर जाणारी जुनी मोटारसायकल यांच्या बिलांची बेरीज कदाचित सारखी येईल, पण पैसा मुरतो तो वेगवेगळ्या ठिकाणी. पहिलीत तो रंगात आणि क्रोममध्ये जातो. दुसरीत तो क्रँक, बेअरिंग, रिम, स्पोक आणि वायरिंगमध्ये, म्हणजे फोटोत न येणाऱ्या जागी गेला पाहिजे. आपल्याकडे अशा रॅलीची तयारी करणाऱ्यासमोर बहुधा तीनच पर्याय येतात : म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली 1960 च्या दशकातली जावा 250, मद्रासमध्ये बनलेली त्याच काळातली बुलेट 350, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराने मागे सोडलेल्या गाड्यांपैकी एखादी बीएसए एम 20. पुढचे आकडे गाडीची खरेदी वगळून आहेत आणि ते माझ्या वहीवरून काढलेले ढोबळ अंदाज आहेत. कारागिरागणिक ते बदलतील.

जावाचे इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे त्यात व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, ऑइल पंपही नाही, आणि लांबच्या प्रवासाच्या दृष्टीने हीच तिची सर्वांत मोठी बचत आहे. खरा खर्च क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्यावर होतो. हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली हलवून पाहावा. तो डावी-उजवीकडे थोडा सरकला तर चालते, परंतु वर-खाली किंचितही ‘टक’ असे जाणवले तर नवा रॉड, नवी पिन आणि नवे रोलर घालून क्रँक प्रेसवर पुन्हा जुळवावा लागतो आणि तो डायलवर फिरवून सरळ करून घ्यावा लागतो. हे काम हातोडीने उरकणारा मिस्त्री स्वस्त पडतो, पण त्याची किंमत पहिल्या शंभर किलोमीटरांत वसूल होते. रिबोअर (झिजलेला सिलिंडर आतून मोठा कापून घेणे), त्यात बसणारा ओव्हरसाइज पिस्टन, क्रँकची सीले आणि बेअरिंगे धरून इंजिनाचा खर्च वीस ते तीस हजारांत बसतो, आणि चाके, वायरिंग, रंग, क्रोम मिळून संपूर्ण गाडी सव्वा ते पावणेदोन लाखांत रस्त्यावर येते. कारखाना 1996 मध्ये बंद पडला असला तरी त्याच कारखान्यातल्या पुढच्या काळातल्या येझदीचे बरेचसे भाग जावाला चालतात, आणि नाना पेठेतल्या दुकानांतून नवे बनवलेले भागही मिळतात. मात्र त्यांतले काही इतके सुमार असतात की जुना अस्सल भाग दुरुस्त करून वापरणेच परवडते. वाटेतला एक लहानसा खर्च नवखे लोक विसरतात. लिटरला चाळीस मिली या प्रमाणात पेट्रोलमध्ये तेल घालावे लागते, आणि तीसचे ॲव्हरेज धरले तर गोव्यापर्यंत पंधरा लिटर पेट्रोलला सहाशे मिली तेल सोबत हवे.

बुलेटचा एकूण खर्च जावापेक्षा थोडा जास्त, म्हणजे दीड ते दोन लाखांच्या घरात जातो. तिचे भाग मिळण्याची चिंता जवळजवळ नाही, कारण मूळ बांधणीचे लोखंडी इंजिन आपल्याकडे कित्येक दशके बनत राहिले. तालुक्याच्या गावातही ती उघडून पुन्हा जोडणारा मिस्त्री सापडतो, आणि भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभे राहिल्यावर या गोष्टीचे मोल कळते. अडचण आहे ती बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाची. जुन्या बुलेटच्या बिग एंडला रोलर नसून फ्लोटिंग बुश (सैल फिरणारे धातूचे कडे) असतो. त्याला सतत भरपूर ऑइल लागते आणि महामार्गावर तासन् तास ऐंशीच्या वर पिटाळलेले त्याला मानवत नाही. त्यामुळे ऑइल पंप आणि ऑइलचे मार्ग तपासून घेण्यावरचा खर्च कधीही वाचवू नये. मागे माणूस बसणार असेल किंवा सामान बरेच असेल, तर घाटात 346 सीसीचे हे इंजिन जावापेक्षा निश्चितच कमी दमते.

बीएसए एम 20 चा हिशेब मात्र वेगळ्याच वहीत लिहावा लागतो. युद्धकाळात या गाड्या सव्वा लाखाच्या आसपास बनल्या, त्यामुळे इंग्लंडमध्ये त्यांचे भाग आजही तयार होतात. परंतु ते मागवायचे म्हणजे भागाच्या किमतीवर कुरिअर आणि सीमाशुल्क आले, आणि चुकीचे माप निघाले तर पुन्हा तेच चक्र आले. लष्करी गाडीला क्रोम जवळजवळ नसते, तिचा रंगही साधा असतो, आणि टायरचे 3.25-19 हे माप बुलेटचेच असल्यामुळे या तीन खात्यांवर ती उलट स्वस्त पडते. पैसा जातो मॅग्नेटोवर, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या जनित्रावर. जुन्या मॅग्नेटोचे वाइंडिंग आणि कंडेन्सर थंड असताना ठीक चालतात आणि तापल्यावर दम तोडतात. सकाळी पहिल्या किकला सुरू झालेली गाडी चहासाठी थांबल्यावर पुन्हा सुरूच होत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासाने काहीच घडले नसल्यासारखी सुरू होते. घराभोवतीच्या फेऱ्यांत हा दोष कळतही नाही, म्हणून रॅलीसाठी मॅग्नेटो नव्याने वाइंड करून घेण्याला पर्याय नाही. शिवाय तिचे आटे ब्रिटिश मापाचे आहेत. आधीच्या कोणा मिस्त्रीने त्यांत मिलिमीटरचा बोल्ट कोंबला असेल, तर अशा प्रत्येक भोकात लेथवाल्याकडून बुश घालून नव्याने आटे पाडून घ्यावे लागतात. एकूण खर्च चार लाखांच्या खाली राहिलेला मी पाहिलेला नाही, आणि मागे सस्पेन्शन नसलेल्या सांगाड्यावर दिवसाला दोनशे किलोमीटर बसण्याची किंमत कमरेला मोजावी लागते ती निराळीच.

क्रोमबद्दल एक स्वानुभव सांगतो. एका क्रोमवाल्याने माझी जुनी टाकी गंज काढण्याच्या नादात इतकी बफ केली, की शिवणीजवळ पत्रा कागदासारखा झाला आणि पेट्रोल पाझरू लागले. टाकीला नवा पत्रा जोडण्यात क्रोमच्या दुप्पट पैसे गेले. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळत असल्यामुळे टाकीचे आतले जुने अस्तर आणि जुन्या रबरी नळ्या तिन्ही गाड्यांत बदलाव्यात.

स्वतः पाना हाती धरण्याची तयारी असलेल्या एकट्या स्वाराने पहिल्या खेपेस जावा घ्यावी, जोडीने जाणाऱ्याने बुलेट घ्यावी, आणि बीएसए त्यानेच घ्यावी ज्याच्याकडे एक चालती गाडी आधीच आहे आणि दोन वर्षे थांबण्याची सवड आहे, असे माझे मत आहे. अर्थात, हा सगळा हिशेब कागदपत्रे शाबूत असतील तरच लागू पडतो. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते, नूतनीकरणाला 5,000 रुपये पडतात, आणि चासी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे मोठ्या हौसेने दुसऱ्या मॉडेलचे इंजिन बसवलेली स्वस्त गाडी कोणी दाखवली, तर रंगाकडे पाहण्याआधी गुडघ्यावर बसून, कापडाने ग्रीस पुसून, चासी आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक आरसीशी ताडून पाहावेत.