रेडब्रेस्ट 12 की किलोवेन? पहिली आयरिश पॉट स्टिल घेताना

जेमसन ही नेहमीची आयरिश व्हिस्की पिऊन झाली, आता खरी पॉट स्टिल (मोड आलेले आणि कच्चे जव मिसळून तांब्याच्या भांड्यात डिस्टिल केलेली व्हिस्की) घ्यायची आहे, कोणती घेऊ? डब्लिनला राहायला आल्यापासून ओळखीतले लोक हे बऱ्याचदा विचारतात. माझ्या मते उत्तरं दोनच. एक म्हणजे मिडलटन या मोठ्या डिस्टिलरीची रेडब्रेस्ट 12. दुसरं म्हणजे उत्तर आयर्लंडच्या काउंटी डाउनमधल्या मोर्न डोंगरांच्या पायथ्याशी असलेली किलोवेन, छोटी आणि जुन्या पद्धतीवर अडून बसलेली डिस्टिलरी. मी दोन्ही बाटल्या विकत घेऊन, निवांत संपवून मग ठरवलं आहे.

रेडब्रेस्टचं ऋण आधी मान्य करतो. 1970च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या आयर्लंड बेटावर दोनच डिस्टिलऱ्या चालू होत्या, उत्तरेला बुशमिल्स आणि दक्षिणेला मिडलटन. मोड आलेले आणि कच्चे जव एकत्र वापरायची ही आयरिश रीत त्या पडत्या काळात टिकली ती मिडलटनमुळे. तिथली तांब्याची भांडी 75 हजार लिटरची, व्हिस्की तीनदा डिस्टिल केलेली, मग बर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि ओलोरोसो शेरी (स्पॅनिश वाइन) यांच्या वापरलेल्या पिंपांत किमान 12 वर्षं. मनुका, अक्रोड, थोडा मिऱ्याचा झटका. या वर्षी घ्या, पुढच्या वर्षी घ्या, चवीत फरक पडत नाही. घरी पाहुणे असतील आणि त्यांची आवड माहीत नसेल, तर मी अजूनही डोळे मिटून हीच काढतो.

किलोवेनचं सगळं याच्या उलट. 2017 साली ब्रेंडन कार्टी या पेशाने आर्किटेक्ट असलेल्या माणसाने ती काढली. तिथलं मोठं भांडंसुद्धा हजार लिटरच्या आसपासचं, आणि त्याच्या बुडाला थेट ज्योत लागते. आज बहुतेक ठिकाणी वाफेवर भांडी तापवतात, कारण ते सोपं आणि सुरक्षित. थेट ज्योतीवर तळाचा माल किंचित भाजला जातो आणि तो खमंगपणा स्पिरिटमध्ये उतरतो. लक्ष हटलं तर करपतोही. पुढे ही वाफ थंड होते ती वर्म टबमध्ये, म्हणजे गार पाण्याच्या टाकीत वेटोळं करून बसवलेल्या तांब्याच्या नळीत. हल्लीच्या कंडेन्सरपेक्षा इथे वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो, म्हणून स्पिरिट जड आणि तेलकट निघतं. ग्लास फिरवला की काचेवरून ओघळ किती सावकाश उतरतात ते बघा, मी काय म्हणतो ते कळेल.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट धान्याची. 18व्या शतकात माल्टवर, म्हणजे मोड आलेल्या जवांवर, कर बसला, तसं कच्च्या जवांचं प्रमाण वाढत गेलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. 19व्या शतकातल्या आयरिश डिस्टिलऱ्या त्यासोबत ओट्स, गहू, राय असं बरंच काही घालत, हे मात्र मागे पडलं. थालीपिठाच्या भाजणीत जसं एकेका धान्याचं काम ठरलेलं असतं, तसंच ते होतं: ओट्सच्या टरफलांमुळे मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं भरड धान्य, नीट निथळायचा आणि व्हिस्कीला सायीसारखा गुळगुळीतपणा यायचा. 2014च्या नियमावलीने पॉट स्टिलची व्याख्या केली ती अशी: मोड आलेले जव किमान 30 टक्के, कच्चे जव किमान 30 टक्के, आणि इतर धान्यं जास्तीत जास्त 5 टक्के. म्हणजे त्या व्याख्येप्रमाणे कित्येक जुन्या आयरिश कृती पॉट स्टिल ठरतच नाहीत! किलोवेनने 5 टक्क्यांची ती मर्यादा मोडणारी मिश्रणं मुद्दाम केली, लेबलवर ते नाव लिहिता आलं नाही तरी चालेल म्हणून. मला हा हट्ट मनापासून आवडतो.

आता ज्या एका त्रासाने माझं ठरलं त्याबद्दल. मी व्हिस्कीत पाणी घालतो. आपल्याकडच्या बहुतेकांना तीच सवय, आणि इथे इतकी वर्षं राहूनही माझी ती सुटलेली नाही. 40 टक्के अल्कोहोलवर आणलेल्या, शेरी पिंपातून आलेल्या व्हिस्कीत पाणी पडलं की माझ्या जिभेला आधी धान्य दिसेनासं होतं. कच्च्या जवांचा तिखटसर, हिरवट झणका, ज्याच्यासाठी आपण पॉट स्टिल घेतो, तोच पहिल्या दोन चमच्यांत जातो आणि मागे मनुकांची गोडी तेवढी राहते. ही एका ब्रँडची खोड नाही. 40 टक्के ही कायद्याने ठरलेली किमान पातळी आहे, तिथून आणखी खाली गेल्यावर हात रिकामे होणारच. ‘मग रेडब्रेस्टची कास्क स्ट्रेंग्थ (पाणी घालून हलकी न केलेली) घे की’, असं कुणी म्हणेल. घेतली आहे, ती जबरदस्त आहे. पण तीव्रतेबरोबर शेरीही तितकीच वाढते, धान्य पुन्हा मागच्या बाकावर.

किलोवेन चढ्या तीव्रतेची, चिल फिल्टर न केलेली, म्हणजे थंड करून गाळून तिच्यातले तेलकट अंश काढलेले नाहीत. तिच्यात चहाचा एक चमचा पाणी घाला. ती किंचित गढूळ होते आणि उकडलेल्या ओट्सचा, भाजलेल्या कणकेचा वास वर येतो. आणखी एक चमचा घाला, तरी तो टिकतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

अर्थात ही माझी जीभ. किलोवेन वयाने कोवळी आहे, एका बॅचची दुसरीशी चव जुळेलच असं नाही, काही बाटल्यांत पीटचा (दलदलीतली वाळवून जाळायची माती) धूर असतो आणि तो सगळ्यांना रुचत नाही. किंमतही हलकी नाही. भारतात ती दुकानात शोधू नका. इथे येणार असाल किंवा कुणी येणार असेल तरच विचार करा.

घेताना एक मात्र पाहा. स्वतःचं स्पिरिट मुरेपर्यंत किलोवेनने दुसरीकडून आणलेली व्हिस्की वेगवेगळ्या पिंपांत घालून ‘बॉन्डेड’ मालिकेत विकली. त्याही चांगल्या आहेत, पण ज्योत, वर्म टब आणि ओट्स यांची चव हवी असेल तर त्यांनी स्वतः डिस्टिल केलेली ‘बारांतूल’ मागा. ती मिळाली नाही तर वॉटरफर्डकडच्या बॅलीडफमधल्या ब्लॅकवॉटर डिस्टिलरीच्या जुन्या मॅश बिलांवरच्या, म्हणजे धान्यांच्या जुन्या प्रमाणांवरच्या, बाटल्या विचारा. आणि नुसतीच, बिनपाण्याची पिणारे असाल, तर रेडब्रेस्ट घेऊन मोकळे व्हा.