समोरचा स्नॉर्कल : काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि एका झडपेची तक्रार

साठी उलटल्यावर ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायच्या स्पर्धेच्या, तयारीला लागलेल्यांचे घोडे बहुधा पोहण्यापाशीच अडते. सायकल आणि धावणे सवयीने जमते, पण स्प्रिंट या छोट्या प्रकारातले पोहण्याचे ७५० मीटरही धाप लागल्याशिवाय संपत नाहीत. कपाळावर बसणारा, नाकासमोरून सरळ वर जाणारा स्नॉर्कल मी याच कारणासाठी घेतला. स्नॉर्कल म्हणजे चेहरा पाण्यात ठेवून तोंडाने श्वास घेता यावा यासाठीची, वरचे टोक पाण्याबाहेर राहणारी नळी.

सुरुवातीला तो मला निव्वळ पैशांची नासाडी वाटला. नाकात पाणी जाई, म्हणून नाक बंद ठेवणारा चिमटा (नोज क्लिप) वेगळा घ्यावा लागला. शिवाय नळीत उरलेली उच्छ्वासाची हवाच पुढच्या श्वासाबरोबर पुन्हा आत येत असल्याने, सावकाश आणि खोल श्वास घेण्याची सवय होईपर्यंत दम पुरत नाही. आपल्या वयाच्या मंडळींनी ती सवय उथळ पाण्यातच करावी.

मत बदलले ते स्वतःचे हात दिसू लागल्यावर. श्वासासाठी मान वळवायची नसल्याने नजर तळावर स्थिर राहते, आणि माझा उजवा हात मध्यरेषा ओलांडून डावीकडे पाण्यात शिरतो हे मला प्रथमच दिसले. तो खांद्याच्या रेषेत आणल्यावर, सगळ्यांनी वयाच्या खाती टाकलेले खांद्याचे दुखणे बरेच कमी झाले. डोके उचलले जात नाही म्हणून कंबरही वर राहते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने, खाली लोंबणारे पाय ओढत नेण्यात किती ताकद जात होती हे तेव्हा कळले.

मात्र हे साधन श्वास घ्यायला शिकवत नाही. ते काढले की मान पुन्हा वर येऊ लागते, आणि वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार स्पर्धेत स्नॉर्कल चालत नाही. त्यामुळे आता मी ५० मीटर स्नॉर्कल लावून आणि लगेच ५० मीटर त्याच्याविना पोहतो.

आता झडप. नळीच्या तळाशी साचलेले पाणी बाहेर टाकण्यासाठी नखाएवढा सिलिकॉनचा पडदा असतो. त्याची कड जरा वळली किंवा तिच्यात एखादा केस अडकला, की पाणी उलट आत येते आणि श्वासाबरोबर घशात जाते. माझ्या पडद्याची कड काही महिन्यांतच कायमची वळली. कंपनीकडे फक्त तेवढा पडदा मागितला, तर सुटा भाग मिळत नाही, नवा स्नॉर्कल घ्यावा, असे थंड उत्तर आले. नळी धड, पट्टा धड, तोंडात धरायचा माउथपीस धड, आणि चिमटीत मावणाऱ्या तुकड्यापायी सगळे टाकून द्यायचे, हा हिशेब माझ्या पचनी पडत नाही.

शेवटी झडपेवर बाहेरून चिकटपट्टी गुंडाळून ती बंदच करून टाकली. गळती थांबली. आता नळीत शिरलेले पाणी जोराच्या फुंकरीने वरूनच काढावे लागते आणि भिंतीपाशी वळताना त्यासाठी छातीत हवा राखून ठेवावी लागते, पण ते अंगवळणी पडले आहे. ही नळी टिकेल तोवर वापरीन. पुढची घेईन ती मुळात झडपच नसलेली, आणि या कंपनीची तर नक्कीच नाही.