शेजारचा रेट, मिनिटांचा हिशोब की पॅकेज? पार्लरचे दर ठरवताना

माझ्याकडे सहा वर्षं काम केलेली एक मुलगी गेल्या आठवड्यात भेटायला आली. ठाण्यातच घोडबंदर रोडला, कासारवडवलीत तिने स्वतःसाठी गाळा बघितलाय. मोबाइलमध्ये तिथल्याच एका पार्लरच्या काचेवरच्या रेट कार्डाचा फोटो होता. "ताई, यातल्या प्रत्येकात पाच-दहा रुपये कमी करून लावते. चालेल ना?" नौपाड्यात मला पार्लर चालवून चौदा वर्षं झाली, आणि सुरुवातीला मीही हेच केलं होतं. म्हणून चहा सांगितला आणि वही काढली. त्या दुपारी आम्ही जे बोललो, ते स्वतःचं पार्लर टाकणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

शेजारचा रेट बघून भाव लावण्यात एक सोय आहे. त्या भागातल्या बायकांना तो भाव सवयीचा असतो, त्यामुळे दारात कुणी "एवढे?" म्हणत नाही. पण कार्डावर फक्त भाव दिसतो, त्यामागचा खर्च दिसत नाही. समोरचीचा गाळा स्वतःचा असेल, तिची जाऊ बिनपगारी हाताखाली असेल, किंवा ती आयब्रोवर काही न सुटता फेशियलवर कमावत असेल. तुम्हाला अकरा महिन्यांच्या कराराचं भाडं आणि वर डिपॉझिट. तिच्याहून पाच रुपये कमी लावून तुम्ही तिचा हिशोब आपल्या डोक्यावर घेता. आणि एकदा "स्वस्तवाली" अशी ओळख पडली की पुढे भाव वाढवताना फार जड जातं.

दुसरा रस्ता मिनिटांचा. यावर मी जास्त बोलणार, कारण मला स्वतःला याने वाचवलं.

समजा भाडं 25,000, दोन मुलींचे पगार 28,000, वीज, पाणी आणि टॉवेलची धुलाई 9,000, आणि तुमचा स्वतःचा पगार 20,000. एकूण 82,000. स्वतःचा पगार धरायचाच. तो न धरल्यामुळे कितीतरी जणी वर्षभर राबतात आणि वर्षाखेरीला हातात काय राहिलं ते शोधत बसतात. आता तीन बायकांचे हात, दिवसाला 9 तास, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 702 तास. एवढे कधीच भरत नाहीत. निम्मे भरले तर 351, आणि तासाला साधारण 234 रुपये पडतात, म्हणजे मिनिटाला जवळजवळ 4. नव्या दुकानात पहिले काही महिने तिसरा हिस्साच भरला, तर तासाला 350, मिनिटाला जवळजवळ 6.

मग मी तिला घड्याळ लावून दाखवलं. एक नेहमीच्या काकू आयब्रोला आल्या होत्या. खुर्चीत टेकल्या, पर्स ठेवली, मान मागे. पावडर, दोरा, उजवी भुवई. डावीला दोरा तुटला, नवा घेतला. आरसा दिला, "इथे थोडं अजून काढ", शेवटी अ‍ॅलोवेरा जेल. मग सुनेच्या डोहाळजेवणाची गोष्ट अर्धी सांगून त्या उठल्या. 11 मिनिटं. आम्ही सगळ्या ज्याला "पाच मिनिटांचं काम" म्हणतो ते हे! 4 रुपयांनी 44, 6 रुपयांनी 66. फोटोतल्या कार्डावर आयब्रो 40 होते, आणि ती 35 लावायला निघाली होती.

फेशियलचं उलट आहे. 70 मिनिटांचे महागातल्या दराने 420, आणि एकदा वापरायचं किट 150 चं धरलं तरी 570. कार्डावर तेच फेशियल 800 ला होतं. म्हणजे कमी करायला जागा असलीच तर तिथे आहे, आयब्रोत नाही. रूट टचअपला, म्हणजे मुळाशी वाढलेले केस रंगवायला, आणखी बारकावा लागतो. कलर लावायला 30 मिनिटं, धुवून वाळवायला 20, मधली 35 मिनिटं हात मोकळे, पण खुर्ची अडलेली. मंगळवारी दुपारी हातांची 50 मिनिटं धरा. शनिवारी खुर्चीला रांग असते, तेव्हा पूर्ण 85.

या पद्धतीत एकच अडचण आहे. "तास किती भरतील" हा आकडा सुरुवातीला अंदाजाचा असतो. म्हणून तो कमीच धरा आणि तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा.

पॅकेजबद्दल माझं मन आजही साशंक आहे. एका दिवाळीत मी दहा फेशियलची कार्डं विकली. हातात एकदम रोख आली आणि ती एसी दुरुस्तीत आणि उधारी फेडण्यात गेली. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली, आणि कार्डवाल्या सगळ्या एकदम आल्या. बेड भरलेला, पैसे आधीच खर्च झालेले, आणि पूर्ण भाव देणाऱ्या नवरीच्या मावशीला मी "उद्या या" म्हणत होते. पॅकेज द्यायचंच असेल तर श्रावण आणि पितृपक्षातल्या रिकाम्या दुपारींसाठी द्या, वार आणि वेळ कार्डावरच छापा.

जीएसटीचंही आत्ताच बघून ठेवा. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, म्हणजे महिन्याला साधारण 1,66,000. 22 सप्टेंबर 2025 पासून पार्लरच्या सेवांवर 18 ऐवजी 5 टक्के लागतो, पण किटवर, मशीनवर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. तो कर तुमच्या खर्चातच धरा. आणि रेट कार्डावर कर धरूनच आकडा लिहा. बिलाच्या वेळी वाढलेले वीस रुपये बाई वर्षभर लक्षात ठेवते.

यातलं काय निवडायचं ते जागेवरही ठरतं. गावदेवीजवळ, स्टेशनच्या वाटेवर दुकान असेल तर आयब्रो-अपरलिपची वर्दळ तासच्या तास भरून काढते, तिथे शेजारच्या भावाजवळ राहून निभतं. नौपाड्यात माझ्याकडे वीस-वीस वर्षं याच गल्लीत राहिलेल्या बायका येतात. त्यांना वाढ चालते, पण आधी सांगितलेली. मी पाडव्याला बोर्ड बदलते आणि महिनाभर आधी प्रत्येकीला तोंडाने सांगते. घोडबंदरला मात्र गिऱ्हाईक ऑफिसमधून, ट्रॅफिकमधून रात्री आठला येतं. तिला वेळ पाळलेली हवी, डिस्पोजेबल चादर हवी, आणि नाहीतर फोनवरून ब्युटिशियनला घरी बोलावण्याची सोय तिच्याकडे आहेच. तिच्यासाठी पाच रुपये कमी करून काही साधत नाही. पण साडेआठची वेळ दिलीत तर साडेआठला बेड मोकळा पाहिजे.

मला भेटायला आलेल्या त्या मुलीसाठी मी मिनिटांचाच हिशोब सांगितला. आधी खालची रेघ, म्हणजे ज्याच्या खाली आपल्याला परवडत नाही तो भाव, स्वतःची काढायची, मग शेजारचं कार्ड बघायचं. रेघेच्या खाली जाणारं काम एक तर लवकर करायला शिकायचं, नाहीतर फेशियलच्या जोडीला द्यायचं. तिने आयब्रो 50 लिहिले. 66 नाही, कारण आयब्रोसाठी आलेली बाईच पुढे फेशियलला बसते, हे तिचंच म्हणणं, आणि मला ते पटलं. फुल आर्म्स वॅक्स आम्ही 25 मिनिटांवर मोजून लिहिलं. हेअर कलरची ओळ तिने कोरी ठेवलीय. पहिल्या दहा जणींना घड्याळ लावून मग आकडा टाकणार आहे.